मऊ जागा

१

मनोहरकाका नेदरलंड्समध्ये, फेल्डहोवनला आल्यापासून प्रणवच्या घरात चिमटा कुणी वापरत नव्हतं. शलाका लाटायची आणि काका गॅसपाशी उभे राहून तव्यावरचा फुलका उचलायचे, सरळ आचेवर टाकायचे, टम्म फुगला की बोटांनीच डब्यात. पहिल्या दिवशी शलाकाला धसकाच बसला होता.

"अहो काका, भाजेल!"

"टूलरूममधले हात आहेत, पोरी. यांना काय भाजतंय?"

काका चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला फोरमन होते. आता सत्तरी ओलांडलेली, आणि मधुमेह जुना. प्रणवने मनातल्या मनात जुळवून टाकलं होतं, की साखरेने बोटांची संवेदना जाते, त्यात नवल ते काय. इंजिनियर माणसाला एकदा कारण सापडलं की त्याला शांत झोप लागते.

प्रणवला काकांनीच वाढवलं होतं. तो बालवाडीत असताना त्याचे वडील, वासुदेव, गेले. दोघे भाऊ पवना धरणावर पोहायला गेले होते, परत एकटे काका आले. आईही पाठोपाठ गेली. काकांना आणि जयंतीकाकूला मूल नव्हतं. त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, शिकवलं, परदेशी धाडलं. काकूही बाथरूममध्ये पडल्याचं निमित्त होऊन गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. आपलं म्हणावं असं प्रणवला शलाका सोडली तर हे एवढंच माणूस उरलं होतं, आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर का होईना, ते घरात होतं. तो खूश होता.

शलाका डिपेंडंट म्हणून आली तेव्हा वर्षभर खिडकीत बसून होती. आता ती वाचनालयात काम करायची आणि शनिवारी तिथे मुलांना गोष्टी सांगायची. या खेपेला तिने उत्तर युरोपातला एक पुराणपुरुष धरला होता, सिगुर्ड नावाचा. जेवताना तिने काकांवर तालीम करून घेतली.

"याला एका लोहाराने वाढवलेलं असतं, काका. अगदी आपल्या मुलासारखं. त्याच्याच सांगण्यावरून हा ड्रॅगनच्या वाटेत खड्डा खणून बसतो. वरची कातडी इतकी जाड की तलवार चालत नाही. म्हणून तो वरून सरपटत जाताना हा खालून पोटात खुपसतो. मग लोहार म्हणतो, आता मला त्याचं काळीज भाजून दे. हा भाजतो, झालंय का बघायला बोट लावतो, चटका बसतो आणि बोट तोंडात जातं. ती चव लागली मात्र, त्याला पक्ष्यांचं बोलणं कळायला लागतं. पक्षी म्हणत असतात, अरे वेड्या, हा लोहार तुझ्या जिवावर उठलाय."

"मग?" प्रणवने विचारलं.

"मग तो लोहाराचं मुंडकं उडवतो. तेवढं मी मुलांना सांगणार नाहीये."

काकांचा घास हातातच राहिला होता. "आणि पुढे गप्प बसले?"

"कोण?"

"पक्षी. काम झाल्यावर."

शलाका हसली. "ते काही पुस्तकात नाही, काका. पुढे त्याचं लग्न वगैरे आहे."

काकांनी मान हलवली आणि पानातला भात संपवला.

२

पितृपक्ष आला. वासुदेवांची तिथी आडवारी पडत होती. "मी रजा टाकते, मी करते सगळं," असं शलाका म्हणाली, पण काका ऐकेनात.

"इतकी वर्षं मी करत आलो. या वर्षी मुलाच्या हातचं होऊ दे."

ते सहसा हट्ट करत नसत, म्हणून प्रणवने रजा घेतली. शलाका सकाळीच वाचनालयात गेली. गुडघा धरून काका जेवणाच्या टेबलाशी बसले आणि तिथून एकेक सांगत गेले. भरड्याचे वडे झाले, आमसुलाची चटणी झाली. गवार आइंडहोवनच्या इंडियन दुकानातली, गोठवलेली. वाडवडिलांनी चालवून घ्यावं एवढीच प्रार्थना.

श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नाही, हे प्रणवला लहानपणापासून पाठ होतं. पितरांच्या आधी कुणाच्या जिभेला लागता कामा नये. काकू तर त्या दिवशी मिठाचा अंदाजसुद्धा नुसत्या वासावर घ्यायची.

खीर शेवटी ठेवली होती.

"तांदूळ शिजलाय का बघ," काका म्हणाले.

"कसा बघू?"

"बोटाने दाबून बघ. कसा म्हणजे काय?"

त्याने पळीतलं शीत चिमटीत धरलं आणि उकळती खीर अंगठ्यावर ओघळली. चटका बसला की माणूस जे करतो तेच त्याने केलं. अंगठा तोंडात घातला.

दूध, साखर, वेलदोडा. आणि त्यामागे काहीतरी वेगळं, लहानपणी खिडकीच्या गजाला जीभ लावल्यावर लागायचं तसं.

त्याने चपापून काकांकडे पाहिलं. आता चांगली खरडपट्टी निघणार. काका त्याच्याकडेच बघत होते, बराच वेळ. मग टेबलाचा आधार घेत उठले, आले आणि त्यांनी गॅस बंद केला.

"झालंय," ते म्हणाले. "वाढायला घे."

केळीचं पान मिळालं नव्हतं. स्टीलच्या ताटात सगळं वाढून त्याने ते मागच्या बागेत, सायकलींच्या खोपटावर ठेवलं. इथले कावळे लहानखुरे, करड्या मानेचे, फिकट डोळ्यांचे. डच लोक त्यांना काउ म्हणतात, याची शलाकाला कोण गंमत वाटायची. एरवी टोस्टचा कोपरा टाकला तरी त्यांची झुंबड उडे. आज ते धुराड्यावर आणि कौलांच्या धारेवर ओळीने बसून राहिले. खाली एकही आला नाही.

अशा वेळी घरातलं थोरलं माणूस हात जोडून काहीतरी कबूल करतं. जे राहिलं असेल ते आम्ही करू, म्हणतं. प्रणव वाट बघत राहिला. काकांनी हात स्वेटरच्या खिशातून बाहेरच काढले नाहीत. थोडा वेळ त्यांनी वर पाहिलं आणि ते घरात गेले.

३

अंगठ्याला फोड आला नाही, आणि तो दुखलाही नाही. दुसऱ्या दिवशी प्रणवने फोन उघडायला अंगठा टेकवला तर फोन त्याला ओळखेना. दिव्याखाली धरून पाहिलं. अंगठ्यावरच्या रेषा बुजल्या होत्या, कातडी टाचेसारखी गुळगुळीत आणि कडक झाली होती. टाचणी टोचून पाहिली. कळलं नाही.

हाउसआर्ट्स, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, म्हणाली, पॅरासिटामॉल घे आणि दोन आठवडे वाट बघ. अहो बाई, दुखत नाहीये हीच तर तक्रार आहे, असं तो सांगत होता तोवर तिने पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि शलाकाने नेलंही. कावळ्यांचं मात्र त्याने तिला सांगितलं नाही.

सकाळी तो चहा टाकत होता, काका अजून झोपलेले. अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये मागच्या रांगेत कुणी मराठी बोललं की कान आपोआप तिकडे वळतात, तसे त्याचे कान वळले. आपण मघापासून कुणाचं तरी बोलणं ऐकतोय, हे त्याच्या लक्षात आलं. आवाज धुराड्यातून येत होता. शब्द मराठी नव्हते. शब्दच नव्हते, तीच ती कावकाव होती. पण ती समजत होती, आणि आता न समजण्याची काही सोय उरली नव्हती.

हा अजून बसलाय, एक म्हणत होता.

म्हाताऱ्याने याला दगा दिलाय, दुसरा म्हणत होता. आणि हा त्याला चहा देतोय.

मी याच्या जागी असतो, तर आज म्हातारा उठला नसता.

प्रणवने चहा गाळला. ताण आहे, त्याने स्वतःला समजावलं, शलाकाची गोष्ट डोक्यात बसलीय, आणि वडिलांच्या तिथीला माणूस हळवा होतोच. कारणं हवी तेवढी होती. वर जिन्यात काकांची पावलं वाजली आणि धुराड्यावरचे सगळे एकदम गप्प झाले.

४

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांना बारीक आकडे दिसत नसत. तरी इन्सुलिनचं पेन ते स्वतःच लावायचे, खोलीचं दार बंद करून. त्या दिवशी मात्र त्यांनी प्रणवला हाक मारली.

"आजपासून तू दे. मला ते चाक नीट फिरवता येत नाही."

प्रणवने पेनाचं चाक आकड्यावर आणलं, काकांच्या सदऱ्याची बाही वर केली आणि दंडाला सुई लावली. सुई आत गेली नाही. थोडा जोर लावला तर ती वाकली. नवी सुई लावली, तीही वाकली. त्याने दंडावर हात ठेवला. डावा, कारण उजव्या तळव्याला आता फारसं काही कळत नव्हतं. काकांची कातडी गार होती, आणि त्याच्या बोटाखाली ती दबतच नव्हती.

"तिथे नाही," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "पोटाला दे. तिथे अजून आहे."

"काय आहे?"

"मऊ."

त्यांनी सदरा वर केला. बेंबीच्या डाव्या बाजूला, बशीएवढी जागा सोडली, तर छातीपासून खाली सगळीकडे तेच होतं. प्रणवला ते नीट दिसलं नाही, कारण त्याने नीट पाहिलं नाही. त्या बशीएवढ्या जागेत सुई अलगद गेली. काकांनी श्वास आत घेतला. त्यांना दुखलं होतं, आणि ते त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

बाहेर कावळ्यांना सगळं ठाऊक होतं. तिथे, ते म्हणाले. बघितलंस ना? तिथे.

५

कंपनीत जाणं प्रणवला आता आवडायला लागलं. क्लीनरूममध्ये पांढरा सूट, टोपी, दोन-दोन हातमोजे, आणि पंख्यांचा एकसुरी आवाज. त्या काचेच्या पोटात पाखराचं पीसही येऊ शकत नाही. तिथे तो डोकं चालवू शकत होता.

दगा म्हणजे काय? हा माणूस शाळेत सोडायला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून न्यायचा. कांजिण्या आल्या तेव्हा रात्रभर कडुलिंबाचा पाला फिरवत बसायचा. त्याला कुणाचं वाईट करायचं असतं तर तीस वर्षं कशाला थांबला असता?

संध्याकाळी सायकल मारत तो घरी यायचा तेव्हा पोप्लरच्या रांगेतून कावळे सोबतीला असायचेच. घरी काका दगडावर शलाकाच्या सुऱ्यांना धार लावत बसलेले असायचे. जुनी सवय, हाताला चाळा. सोफ्यावर प्रणवचा डोळा लागला आणि जाग आली तर काका उशाशी उभे असायचे, अंगावर पांघरूण घालत. तसेच ते लहानपणीही घालायचे. आता मात्र, आपण डोळे उघडायच्या आधी ते किती वेळ तिथे उभे असतील, असा विचार यायचा.

त्याला सगळ्यात चमत्कारिक वाटत होतं ते हे, की त्याला भीती वाटत नव्हती. वाटायला हवी, एवढंच कळत होतं. शलाकाने त्याचा हात हातात घेतला तर तो घेतलाय हे डोळ्यांनी बघून कळायचं. तो हसायचा, कारण हसायची ती वेळ असायची.

एका सकाळी पेन हातात घेतलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण चाक आकड्याच्या बरंच पुढे फिरवलंय. मुद्दाम नव्हतं केलं. पण चुकूनही केलेलं नव्हतं. एवढा डोस म्हाताऱ्या माणसाला पुरेसा झाला असता, आणि कुणाला संशयही आला नसता. त्याने चाक मागे आणलं, बरोबर तेवढंच दिलं. काकांनी सदरा खाली घेतला. चाक मागे फिरताना त्यांनी पाहिलं होतं.

६

काका परत जायच्या आदल्या दिवशी शलाका आंघोळीला गेली होती. प्रणव पेन घेऊन काकांच्या खोलीत आला. खिडकीबाहेर, पन्हाळीवर, कावळे खांद्याला खांदा लावून बसले होते. काचेला अगदी लागून. फिकट डोळे एका रांगेत.

काकांनी पलंगावर बसून सदरा वर केला आणि डोळे मिटले.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"अरे, माझ्यापासून काय लपवतोस? माझ्याबद्दलच ना?"

प्रणवने पेनाचं टोपण काढलं.

"आमच्या अण्णांचं श्राद्ध होतं," काका म्हणाले. "आई वडे तळत होती, मी जवळ बसलेलो. तेल उडालं बोटावर, बोट तोंडात गेलं. वासूचं अजून लग्न झालेलं नव्हतं. तेव्हापासून ते वासूबद्दल बोलायला लागले. वासू तुझा घात करणार, वासू तुझ्या वाईटावर आहे. किती वर्षं, प्रणव. मी कानात बोळे घालून झोपायचो. माझे साठवलेले पैसे मी वासूकडे ठेवायला दिले होते, एवढा विश्वास होता माझा. तरी ते बोलायचेच."

"धरणावर काय झालं, काका?"

"मी ऐकलं त्यांचं."

न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता.

"वाटलं, आता गप्प बसतील," काका म्हणाले. "पुरता महिनाही बसले नाहीत. मग जयंतीचं नाव घेतलं."

काकू. तिच्या पदराला हळदीचा वास यायचा. तापात ती त्याच्या कपाळावर गाल टेकवून ताप बघायची. आता आपल्याला संताप यायला हवा, याचा गळा धरायला हवा, निदान रडू यायला हवं. प्रणवने आत शोधलं. बंद घराची बेल वाजवावी तसं होतं, आत कुणी उठून येत नव्हतं.

"ते म्हणतात, तुम्ही मला दगा दिलात."

"खरं तेच म्हणतात." काकांनी डोळे उघडले. "अंगठा तोंडात गेला तेव्हा तुझ्या मुस्काटात मारून ओकायला लावायला हवं होतं. तुला बोटाने दाबून बघ म्हणालो, ते का म्हणालो? मला ठाऊक होतं ना तू काय करशील ते. लहानपणापासून तुझा हात आधी तोंडाकडेच जातो."

"का पण?"

"एकटं ऐकवत नव्हतं रे. इतकी वर्षं. वाटलं, कुणीतरी आपलं माणूस बरोबर ऐकेल. आणि हेही होतं. मला स्वतःचं स्वतःला करवत नाही. हात धजत नाही. तू माझा मुलगा आहेस, तुझ्या हातून होईल. त्या दिवशीसारखं चाक फिरव, बाळा. मी काही म्हणणार नाही."

त्यांनी सदरा आणखी वर धरला. ती बशीएवढी जागा आता वाटीएवढी राहिली होती. पन्हाळीवरचे सगळे एका आवाजात बोलत होते आणि त्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

प्रणवने चाक फिरवलं. नेहमीच्या आकड्यावर आणलं, डोळ्यांनी दोनदा तपासलं, आणि सुई लावली. ती त्याने दयेने लावली नाही, की रागाने मागे घेतली नाही. मारण्यासाठीसुद्धा काहीतरी वाटावं लागतं, आणि त्याला काही वाटत नव्हतं.

"नाही?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"नाही. उद्या तुमचं विमान आहे."

"अरे, माझं नाव घेतायत तोवर तरी बरं आहे," काका म्हणाले आणि त्यांनी त्याचं मनगट घट्ट पकडलं. पकडलेलं प्रणवला दिसलं. "कळतंय का तुला? मी गेलो, मग?"

७

स्किफोल विमानतळावर काका व्हीलचेअरवर बसून आत गेले. वळून त्यांनी हात केला नाही. येताना गाडीत शलाका रडली आणि म्हणाली, तू फार धीराचा आहेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर मोकळं मोकळं वाटत होतं. शलाकाने पोळ्यांची कणीक मळली. धुराड्यावर कुणी नव्हतं, खोपटावर नव्हतं. आभाळ स्वच्छ होतं. संपलं, प्रणवने स्वतःशी म्हटलं. म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, त्याच्या नादाने मीही झालो होतो, आता संपलं.

तेवढ्यात पहिला येऊन बसला. मग बाकीचे. ते थोडा वेळ पंख साफ करत राहिले. मग बोलू लागले, आणि त्यात काकांचं नाव नव्हतं.

"काय ऐकतोयस?" शलाकाने विचारलं.

"काही नाही."

"चहा टाक ना मग. आणि परवाच्या गोष्टीला येशील? मुलं तुझ्याबद्दल विचारतात."

"येईन की."

तिने केस वर बांधले होते. ती त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिली आणि गुणगुणत लाटायला लागली. मान उघडी होती, तिला पिठाचा हात लागलेला. प्रणव तिच्या मानेकडे बघत उभा राहिला. आत काहीतरी दुखेल, निदान हलेल, म्हणून त्याने बराच वेळ वाट पाहिली.

मग त्याने चहाचं आधण ठेवलं.